अर्ध्या मिलिमीटरची पट्टी

साल १८९१, एप्रिलअखेर. बडोद्यात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुम्ही कलाभवनाच्या रसायनवर्गात मागच्या बाकावर बसला आहात आणि सदरा पाठीला चिकटला आहे. संस्था सुरू होऊन पुरतं वर्षही झालेलं नाही. सयाजीराव महाराजांनी ती प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिली आहे. इथल्या शिक्षणाचा रोख सरळ आहे: वस्तू बनवायला शिकायचं, ती ज्या पदार्थापासून होते तो पदार्थ समजून घ्यायचा, आणि हे सगळं आपल्या भाषेत. शेजारच्या मुलाची बोटं रंगाने निळी झाली आहेत. याच काळात धुंडिराज फाळके नावाचा एक तरुण इथे फोटोग्राफीची रसायनं हाताळायला शिकतो आहे.

समोरच्या फळीवर काचेची एक बरणी आहे. तिच्यातले खडे पारदर्शक, लांबट, बोटाला गार लागणारे. हे रोशेल सॉल्ट, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट. आरशाला चांदीचा मुलामा देताना ते लागतं. लघवीतली साखर तपासण्याच्या फेलिंगच्या द्रावणात ते असतं. इंग्रजी औषधांच्या दुकानात सायडलिट्झ पावडर मिळते, तिच्यात हेच मीठ असतं आणि लोक ती पोट साफ व्हायला घेतात. वर्गातला कुणीही या बरणीकडे दुसऱ्यांदा बघत नाही.

तुम्ही बघता, कारण तुम्हाला पुढचं माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी, १८८० मध्ये, पॅरिसमध्ये चोवीस वर्षांचा जाक क्युरी आणि एकवीस वर्षांचा त्याचा भाऊ पिएर यांनी असे खडे विशिष्ट दिशेने कापून दाबून पाहिले, आणि दाबताक्षणी त्यांच्या दोन बाजूंवर विजेचा भार उमटला. क्वार्ट्झ, टूर्मलीन, पुष्कराज, रोशेल सॉल्ट. यादीत उसाची साखरही होती. संध्याकाळी देवळात तुमच्या तळहातावर खडीसाखरेचा खडा पडेल, तोही त्याच जातीचा. पुढच्या वर्षी लिपमान या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं, की उलटही व्हायला हवं: वीज दिली तर खडा आकार बदलेल. क्युरी बंधूंनी तेही लगेच पडताळलं.

सोनोग्राफीचा सगळा जीव या दोन वाक्यांत आहे. विजेचा झटका दिला की खडा थरथरतो आणि ध्वनी सोडतो. तो ध्वनी शरीरातल्या कशावर तरी आपटून परत आला की त्याच खड्याला दाबतो आणि वीज उमटते. बोलणारं तोंड आणि ऐकणारा कान एकच. पण १८९१ च्या बडोद्यात हे कुणाला सांगणार? राज्याच्या दवाखान्यात एक बाई अडली आहे. डॉक्टरांजवळ तिच्या पोटाच्या आतलं जाणून घ्यायला स्वतःची बोटं आहेत आणि पोटाला लावलेला कान. बाळ आडवं आहे की काय, हे ते दाबून दाबून अजमावतात. बरणी तिथून फार लांब नाही. मधली वाट मात्र सत्तर-ऐंशी वर्षांची आहे.

तुम्ही ती वाट धरता.

१९१७. तुम्ही फ्रान्समध्ये क्षणभरच टेकता. पहिलं महायुद्ध चालू आहे आणि जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत आहेत. त्यांचा माग काढायला शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ क्वार्ट्झचे काप दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये बसवतो आणि पाण्यात कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडतो. जवळचे मासे मरतात, पाण्यात हात घातला तर कळ येते. यंत्र चालतं, पण क्वार्ट्झ फार कंजूष पदार्थ. एका न्यूटनाच्या दाबाला तो जेमतेम दोन पिकोकूलॉम भार देतो. हा आकडा लक्षात ठेवा. रोशेल सॉल्ट याच्या कितीतरी पट उदार आहे, पण समुद्रात नेलं तर विरघळून जाईल.

आणि बडोद्यात? १९४८, मे. रावपुऱ्यातल्या एका वाड्यात दिवाणखान्यात विजेवर चालणारा नवा ग्रामोफोन आला आहे. त्यावर फैयाजखाँसाहेबांची तबकडी लावली आहे. खाँसाहेब याच गावचे दरबारगायक, अजून हयात आहेत, आणि घरच्या कर्त्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं आहे. पण तबकडीवरचा आवाज मलूल झाला आहे.

"मामंजी, सुई नवी घातली तरी आवाज उठत नाही," सूनबाई सांगते.

मामंजी पिकअप उलटा करून बघतात. दोष सुईत नाही. पिकअपच्या पोटात नखाएवढा रोशेल सॉल्टचा तुकडा आहे. सुईचं थरथरणं तोच विजेत बदलतो. त्या काळच्या क्रिस्टल पिकअपांत आणि स्वस्त मायक्रोफोनांत तोच असायचा. चोवीस अंशांवर त्याचा स्वभाव बदलतो आणि पंचावन्न अंशांच्या आसपास तो मोडूनच जातो. पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन पाझरायला लागतो. बंद खिडकीशी, तापल्या भिंतीला टेकून ठेवलेलं यंत्र बडोद्याचा उन्हाळा काढेल कसं? थंड हवेच्या गावांत तयार झालेला पदार्थ उष्ण हवेच्या गावात आला की काय होतं, ते तुम्ही इथे कानांनी ऐकता. हे पुढे पुन्हा लागणार आहे.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच अमेरिका, रशिया आणि जपान या तीन ठिकाणी, एकमेकांना पत्ता नसताना, बेरियम टायटनेट सापडलं होतं. याचा मोठेपणा असा की ते मातीसारखं भाजता येतं. खडा उगवण्याची वाट बघायची गरज नाही. भुकटी घ्या, दाबा, भट्टीत घाला, हव्या त्या आकाराची चकती काढा. चकतीतले असंख्य कण सुरुवातीला वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात, म्हणून एकमेकांचा भार खाऊन टाकतात. मग तिला जबर विद्युतदाब द्यायचा, की बहुतेकांची तोंडं एका बाजूला वळतात आणि तशीच राहतात. क्वार्ट्झचे दोन पिकोकूलॉम इथे एकशे नव्वदच्या घरात जातात. १९५४ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड जाफे आणि सहकाऱ्यांनी त्याच्याही पुढचा पदार्थ पुढे आणला: लेड झिर्कोनेट टायटनेट, सगळ्या जगात आज ज्याला पीझेडटी म्हणतात. झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं प्रमाण ५२ ला ४८ च्या आसपास ठेवलं की त्याच्या आतली रचना दोन रूपांच्या सीमेवर येते आणि जराशा धक्क्याने हलायला तयार होते. भार चारशे, सहाशेपर्यंत.

हा पदार्थ होतो कसा, ते बघायला तुम्ही काळात मागे जाऊ नका. पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पिझो-सिरॅमिक, म्हणजे दाबलं की वीज देणारं सिरॅमिक, बनवलं जातं. तिथल्यासारख्या एखाद्या शेडमध्ये अलीकडच्या कुठल्याही दिवशी शिरा. लेड ऑक्साइड, झिर्कोनिया आणि टायटॅनिया यांची भुकटी ओली दळली जाते, वाळवून आठ-नऊशे अंशांवर भाजली जाते, पुन्हा दळली जाते, दाबून तिच्या चकत्या होतात. मग खरी परीक्षा. भट्टी बाराशे अंशांच्या पुढे न्यायची, पण एवढ्या उष्णतेत शिसं उडून जातं. म्हणून चकत्या झाकणबंद मुशीत, शिशाच्याच वाफेत ठेवतात. जरा शिसं गेलं की सीमेवरचं ते नाजूक प्रमाण बिघडलं आणि सगळा घाणा वाया. त्यानंतर घासणं, दोन्ही अंगांना चांदी लावणं, आणि शंभर अंशांच्या वर तापलेल्या तेलात बुडवून दर मिलिमीटरला दोन-तीन हजार व्होल्ट. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहता, ते बरं करता.

हातात घेतलीत तर चकती पिवळट, जड, चिनीमातीच्या कपासारखी थंड लागते. पोटाच्या तपासणीला साधारण साडेतीन मेगाहर्ट्झचा ध्वनी लागतो. त्यासाठी तिची जाडी सहा दशांश मिलिमीटरच्या आत-बाहेर हवी, कारण जाडी ही तिच्यातल्या ध्वनीच्या अर्ध्या लहरीएवढी असली तरच ती मनापासून थरथरते. छोट्या, उथळ अवयवांसाठी वारंवारता वाढवायची म्हणजे चकती आणखी पातळ करायची.

मधल्या काळात ग्लासगोमध्ये इयन डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञाने १९५५ च्या जुलैत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या कारखान्यात नेल्या होत्या. लोखंडातल्या भेगा शोधणारं यंत्र मांसातला फरक ओळखतं का, ते त्यांना बघायचं होतं. यंत्राने ओळखला. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला आणि गर्भाच्या डोक्याचा ठिपक्यांचा नकाशा जगाने पाहिला.

आता १९८३. बडोद्यातल्या एका खासगी दवाखान्यात, अंधाऱ्या खोलीत, तुम्ही स्टुलावर बसला आहात. टेबलावर दांडिया बाजारातली सहा महिन्यांची गरोदर बाई, दाराशी तिच्या सासूबाई.

"बेन, श्वास रोकी राखो," डॉक्टर म्हणतात. मग तिच्या कपाळावरचं कुंकू आणि सासूबाईंची नऊवारी बघून मराठीत येतात, "ताई, जरा श्वास धरून ठेवा."

पडद्यावर राखाडी पाऊस पडतो आहे. डॉक्टर बोट ठेवून सांगतात: हे डोकं, हा पाठीचा कणा. सासूबाईंना काही दिसत नाही. खरं सांगायचं तर तुम्हालाही फारसं दिसत नाही. डॉक्टरांची कसबी नजर ते चित्र पुरं करते आहे.

दोष यंत्राच्या बुद्धीत शोधायचा मोह होतो, पण मला तो पोटावर फिरणाऱ्या प्रोबच्या टोकाशी, तिथल्या पीझेडटीच्या पट्टीत दाखवायचा आहे. पीझेडटी कठीण आणि जड, शरीर मऊ आणि पाणीदार. ध्वनीच्या मार्गातला हा विरोध मोजण्याचं माप घेतलं तर पीझेडटीचा आकडा तेहतीसच्या आसपास येतो आणि मांसाचा दीड. दोन पदार्थांत एवढी तफावत असली की त्यांच्या सीमेवरून ध्वनीची सुमारे त्र्याऐंशी टक्के ऊर्जा मागेच फिरते. आत जाते ती उरलेली, आणि येताना पुन्हा तीच जकात. शिवाय मागे फिरलेला ध्वनी पट्टीतच घुमत राहतो. स्पंद लांबतो, आणि स्पंद लांबला की जवळजवळच्या दोन गोष्टी एकच दिसतात. म्हणून पट्टीच्या पाठीला ध्वनी पिणारा जड लगदा चिकटवतात. घुमणं थांबतं, पण आवाजही खालावतो. पुढच्या अंगाला पाव लहरीच्या जाडीचे थर देतात, म्हणजे कठीणाकडून मऊकडे उतरायला पायऱ्या होतात. पोटावर चोपडलेलं जेल हवेची फट बुजवतं, कारण हवेपुढे ध्वनीचं काहीच चालत नाही. या सगळ्या युक्त्या पट्टीभोवतीच्या. मूळ अडचण पट्टीतच होती: जो पदार्थ जोरात बोलतो, तो शरीराच्या कानाशी लागू शकत नाही.

ती अडचण सुटत होती, याच वर्षांत, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात. रॉबर्ट न्यूनम आणि एरिक क्रॉस यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस विचारलेला प्रश्न फार सुंदर आहे: सगळी पट्टी पीझेडटीची कशाला हवी? टी. आर. गुरुराजा या भारतीय नावाच्या संशोधकाने तिथेच या संमिश्र पदार्थांवर आणि त्यांच्या वैद्यकीय उपयोगावर काम केलं. रीत अशी. पीझेडटीच्या लादीला हिऱ्याच्या बारीक करवतीने शंकरपाळ्यांसारखे उभे-आडवे छेद द्यायचे, मात्र तळापर्यंत न्यायचे नाहीत. केसाएवढ्या जाडीच्या खांबांचं रान उभं राहतं. फटींत इपॉक्सी ओतायचं, ते घट्ट झालं की तळ घासून टाकायचा. आता प्रत्येक खांब शेजाऱ्याच्या दाबातून मोकळा आहे, उभाच्या उभा ताणतो-आक्रसतो, आणि सगळी पट्टी मिळून हलकी झाली आहे. तेहतीसचा आकडा बाराच्या आसपास येतो, आणि त्र्याऐंशी टक्के परतणारा ध्वनी साठ टक्क्यांवर. विजेचं हालचालीत रूपांतरही आधीपेक्षा चांगलं होतं. मला यात कौतुक वाटतं ते याचं, की नवीन मूलद्रव्य कुठेच शोधलेलं नाही. निम्मी लादी चक्क टाकून दिली आणि तिच्या जागी निर्जीव राळ भरली, तरी पदार्थ सुधारला. इपॉक्सी म्हणाल तर ते बडोद्याच्या दक्षिणेला, वलसाडजवळच्या अतुलमध्ये, टनांनी बनतं.

आता काळ जरा वेगाने सोडा. १९८२ मध्ये जपानमध्ये कुवाता, उचिनो आणि नोमुरा यांनी शिसं, जस्त, नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या एकसंध स्फटिकात चकित करणारे आकडे मोजले होते. १९९७ मध्ये थॉमस श्राउट आणि सुंग-ईक पार्क यांनी पेन्सिल्व्हेनियातच त्या घराण्याचे स्फटिक नीट अभ्यासून दाखवले. एका न्यूटनाला दीड-दोन हजार पिकोकूलॉम. क्युरींच्या खड्यापासून निघून, मातीच्या चकत्यांवरून फिरून, शास्त्र पुन्हा खड्यापाशी आलं होतं. चांगल्या पीझेडटीच्या खांबात विजेपैकी निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा हालचालीत जाते. इथे ऐंशी टक्क्यांच्या पुढे. त्यामुळे एकच प्रोब एका वारंवारतेवर बोलून तिच्या दुपटीवर ऐकू शकतो, आणि जाड अंगाच्या रुग्णाच्या हृदयाची झडपही स्वच्छ दिसते. २००४ च्या सुमारास असे प्रोब बाजारात आले. स्फटिक वितळलेल्या रसातून अत्यंत सावकाश वाढवावा लागतो, रसाचं प्रमाण वरून खाली बदलत जातं, म्हणून एकाच कांडीतले सगळे काप सारखे निघत नाहीत. किंमत तिथे चढते. आणि शंभर अंशांच्या आतच त्याची रचना पालटायला लागते. कापताना, चिकटवताना, वापरताना त्याला जपावं लागतं. रावपुऱ्यातला पिकअप आठवला असेल.

फेब्रुवारी २०१८. बडोद्यात एक्क्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आहे. मंडपात तुम्हाला जागा मिळाली आहे. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख. तुम्हाला पट्टीच्या गोष्टीत हे मध्येच काय, असं वाटेल. पण कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडायला लावणारे हेच अधिकारी, आणि गर्भात मारल्या गेलेल्या लेकींवर कथासंग्रह लिहिणारे लेखकही हेच. २००१ च्या जनगणनेत गुजरातमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८८३ मुली होत्या. महाराष्ट्रातही हा आकडा ९१३ वर आला होता. चित्र स्वच्छ झालं, तेव्हा काही घरांनी त्या स्वच्छ चित्रात मुलगा की मुलगी एवढंच पाहिलं. पदार्थाच्या प्रगतीबद्दल आनंदाने लिहिताना हा हिशेब बाजूला ठेवणं मला जमत नाही. म्हणूनच खिशात मावणाऱ्या प्रोबांवर आपल्याकडे कायद्याची कडक बंधनं आहेत, आणि ती असायला हवीत.

खिशातले ते प्रोब याच वर्षांत आले. त्यांतल्या काहींत पीझेडटी नाहीच. सिलिकॉनच्या चिपवर हजारो सूक्ष्म पडदे कोरलेले असतात, ते विजेने कंप पावतात. शिसं नाही, करवत नाही. खोल पाहताना मात्र उत्तम पट्टीची बरोबरी करणं त्यांना जड जातं.

आता आजच्या दिवसात या. पीझेडटीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. युरोपने विजेच्या उपकरणांतून शिसं हटवलं, पण या पदार्थाला सूट द्यावी लागली, कारण तोडीस तोड पर्याय नाही. २००४ मध्ये जपानमध्ये पोटॅशियम-सोडियम नायोबेटपासून शिसेविरहित सिरॅमिक झालं. २००९ मध्ये वेन्फेंग लिऊ आणि शिआओबिंग रेन यांनी बेरियम टायटनेटमध्येच कॅल्शियम आणि झिर्कोनियम मिसळून सहाशेच्या वरचा आकडा गाठला, उत्तम पीझेडटीच्या तोडीचा. फक्त त्र्याण्णव अंशांवर त्याचा सगळा गुण जातो, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ढळायला लागतो. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या प्रोबचा विचार करा.

कलाभवन १९४९ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा आहे. तुम्ही त्याच्या आवारातून चालत बाहेर पडता. झिर्कोनियम देणारी वाळू केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर आहे, टायटॅनियमची काळी वाळू रत्नागिरीलाही आहे. रसायनं बनवणारे कारखाने बडोद्याच्या भोवतीनेच उभे आहेत. तरी वैद्यकीय उपकरणांसाठी आपण अजून मोठ्या प्रमाणावर बाहेरच्यांच्या तोंडाकडे बघतो, आणि मला हे लागतं, कारण पदार्थ बनवायला शिकवण्याचा हट्ट ज्या गावांनी सगळ्यांत आधी धरला, त्यांतलं हे एक.

संध्याकाळी एका सोनोग्राफी केंद्रात डॉक्टरबाई शेवटची तपासणी आटपून हात पुसत असतात. त्यांच्या पडद्यावर एक बारीक काळी उभी रेघ आहे. महिन्यापूर्वी प्रोब हातातून निसटला, पट्टीचे काही घटक मेले.

"बदलायला लाखांत खर्च, आणि येणार परदेशातून," त्या म्हणतात. "रेघ जिथे पडते तिथे मी प्रोब थोडा सरकवून बघते. सवय झालीय."

तुम्ही विचारता, नवा प्रोब कसा हवा?

त्या जरा थांबून बोटांवर मोजतात. "पडला तर फुटू नये. दिवसभर चालला तरी तापून मंदावू नये. मेमध्ये लाइट गेली आणि एसी बंद पडला, तरी चित्र तेच राहावं. लठ्ठ बाईच्या पोटात बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे मला पहिल्या झटक्यात दिसावेत. शिसं नसलं तर उत्तमच. आणि बिघडला तर पट्टी बदलून देणारा माणूस इथे मकरपुऱ्यात असावा, जर्मनीत नको."